वाघ कोणाच्या खांद्यावरून पाहिला?

प्रिय आई,

उद्या सर्वपित्री अमावस्या. यंदा दोन पानं वाढायची आहेत, एक बाबांचं आणि पहिल्यांदाच एक तुझं. वड्यांसाठी डाळ भिजत घातली आहे, खिरीचे तांदूळ निवडून ठेवलेत, आणि चिनू दुपारचा झोपलाय तेवढ्यात लिहायला बसले आहे. उद्या पानासमोर, सगळ्यांच्या देखत, हे बोलता यायचं नाही. आणि बोलल्याशिवाय तुझं पान माझ्या हातून वाढलं जाणार नाही. आई, तू मला फसवलंस!

आपल्या घरची ती रीत मी दुसऱ्या कोणाकडे पाहिली नाही. पान वाढून झालं की ते गच्चीवर नेण्याआधी प्रत्येकानं गेलेल्या माणसाची एक आठवण सांगायची, मगच कावळ्याला हाक मारायची. तूच काढलेली रीत. तू बाबांच्या पहिल्या सायकलची गोष्ट सांगायचीस, आजी त्यांच्या लहानपणच्या खोड्या. मामा काहीतरी दोन शब्दांत उरकायचा. मग माझी पाळी यायची. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची, माझ्याजवळ काय असणार?

पण माझ्याजवळ वाघ होता!

प्राण्यांच्या बागेत नवा पांढरा वाघ आणलेला. पिंजऱ्यापुढे ही गर्दी, माझ्यापुढे नुसते पाय आणि चपला. बाबा मला उचलून खांद्यावर घेतात. त्यांनी निळा चौकड्यांचा शर्ट घातलाय. मी त्यांचे केस दोन्ही मुठींत धरलेत, हाताला खोबरेल तेल लागतंय. वाघ जांभई देतो. मी किंचाळते आणि बाबा हसतात, ते हसणं मला माझ्या मांड्यांना जाणवतं.

ही आठवण मी किती ठिकाणी मिरवली! इथल्या हिंदी शाळेत ‘मेरे पिताजी’ निबंधात लिहिली. लग्न ठरल्यावर नितीनला पहिल्याच भेटीत सांगितली. मुलींची बापाशी भांडणं ऐकली की वाटायचं, तुमच्याकडे रोजचा बाप आहे, माझ्याकडे एकच दुपार आहे, पण ती लख्ख आहे.

मागच्या महिन्यात चिनूला घेऊन बागेत गेलो. मामाही आला होता. पिंजऱ्याशी उभी राहून मी चिनूला सांगत होते की इथेच तुझ्या आजोबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. चिनूनं मामाला विचारलं, “मामाआजोबा, ये टायगर यहाँ कब आया?”

मामा खुलला. “या वाघाच्या आज्याले आनलं होतं बेटा. तवा मी नवाच लागलो होतो प्लांटात. पयली सुट्टी भेटली अन् आमी सारे पाहाले आलो.”

बाबा गेल्यावर आपल्याला सोबत म्हणून मामा आर्वीहून आला आणि मग त्याला कारखान्यात काम लागलं, हे मला जन्मभर माहीत आहे. वाघाची गोष्टही जन्मभर माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या आणि त्यांची कधी ओळखच झाली नव्हती.

“मामा,” मी म्हटलं, “तू लागला तो बाबा गेल्यावर ना? मंग बाबानं मले वाघ कसा दाखवला?”

मामा वाघाकडे पाहतच हळूच म्हणाला, “मिनू, हे आईजवळ नको बोलजो.” आणि बोलून गेल्यावर त्याच्याच ध्यानात आलं की आई आता कुठली ऐकायला!

बाकावर बसवून त्याला बोलतं केलं. “मीच घेतलं होतं तुले. माह्या केसाइले अशी धरून बसली होती का डोळ्यात पानी आलं माह्या.” आता त्याच्या डोक्यावर चार केस उरलेत, तरी त्यानं हात तिथेच नेला.

केस! आई, भिंतीवरच्या फोटोत बाबांना पुढून टक्कल आहे. तो फोटो मी रोज पुसत आले. निळा चौकड्यांचा शर्टही त्याच फोटोतला. शर्ट फोटोतून घेतला, केस मामाचे ठेवले, आणि एवढ्या वर्षांत मला कधी प्रश्न पडला नाही. मी वर्गात मुलांना ऐटीत सांगते, पाठ केलेलं वेगळं आणि आठवलेलं वेगळं. काय बाई शहाणी!

मामा म्हणाला, त्या वर्षी पानापुढे मी रडले होते. सगळ्यांनी आठवण सांगितली आणि माझ्याजवळ काही नव्हतं. तेव्हा तू मला जवळ घेतलंस. “कावून रडून राहिली? आठोते तुले. वाघ आठोते का नाही?” मी म्हटलं, आठोते. “मंग खांद्यावर कोनं घेतलं होतं?” एवढं विचारलंस आणि थांबलीस. बाबांचं नाव तू घेतलंच नाहीस. ते मी घेतलं, आणि तू माझा मुका घेतलास.

हे लिहिताना मला तो मुका गालावर जाणवतोय. पण तो मला खरंच आठवतो, की मामानं सांगितल्यावर मागच्या महिन्यापासून आठवायला लागलाय? बघ काय करून ठेवलंस! आता माझा माझ्याच डोक्यावर भरवसा उरला नाही.

दर वर्षी तू ती गोष्ट मला सांगायला लावलीस, आणि दर वर्षी ती थोडी जास्त खरी होत गेली. मामा तर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. “तुह्या आईनं सांगतलं, तू चूप राय, पोरीजवळ बापाचं काहीच नाही. मी चूप रायलो. मंग मलेच वाटाले लागलं का भाऊजीच होते.” त्याचे खांदे त्याच्यासमोर दुसऱ्याला दिलेस तू. त्यालाही विचारलं नाहीस.

शेवटच्या आजारपणात तुझ्या कोहक्याच्या घरी तू मला म्हणायचीस, “वाघाचं सांग ना.” मी तुझे पाय चेपत सांगायचे आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. मला वाटायचं, तुला बाबांची याद येतेय. काय ऐकत होतीस ग? अजून पक्कं आहे का ते तपासत होतीस? की तूही विसरली होतीस? तेव्हा सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते. आता कोणाशी भांडू?

बाबा गेले तेव्हा मला काही कळलं नव्हतं. माझ्यापुरते ते मागच्या महिन्यात गेले, बागेतल्या बाकावर, चिनू आइस्क्रीम खात असताना. आणि माझं सांत्वन करायला तू नाहीस. डोळे मिटले की अजूनही मला निळाच शर्ट दिसतो. मामाचा चेहरा तिथे बसवून पाहिला, बसतच नाही.

काल चिनू येऊन बिलगला. “मम्मा, परसों मैं क्या बोलूँगा? मले तर आजीचं काहीच आठवत नाही.” ओठ असा काढला होता! तू गेलीस तेव्हा तोही तीनच वर्षांचा होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “कोहक्याचा झोपाळा आठवतो ना?” तो म्हणाला, “हो.” पुढचा प्रश्न जिभेवर आला होता. त्याला झोके शेजारची सीमा द्यायची, तू तर खाटेवरून उठू शकत नव्हतीस. तरी मी विचारणार होते, “मग झोका कोण द्यायचं?” आणि तो तुझं नाव घेणार होता, मला खूश करायला. मी तोंड मिटलं. त्या क्षणी मला तू पुरती कळलीस. पण आई, कळणं वेगळं. माफ नाही केलं मी तुला.

आता ऐक, उद्याचं तुला वचन देते. चिनू म्हणेल, मला आजी आठवत नाही, आणि तेवढ्यावर तुझं पान गच्चीवर जाईल. वाघाची गोष्ट बाबांच्या पानापुढे मामा सांगेल, स्वतःच्या नावानं, केसांसकट. मग माझी पाळी येईल. मी म्हणेन, बाबांचं मला काहीच आठवत नाही.

या वेळी मला रडू देशील ना?

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
मिनू