विहिरीकडचा सातवा दगड

प्रिय भटकभवाने,

फोटो मिळाला. पडक्या देवळासमोर तू आणि ती नकाशेवाली, आणि दोघींच्या गळ्यात मिळून एकच टेप, हारासारखी. खाली लिहिलंयस, 'बघ, तुझी आठवण काढतोय.' मी फोटो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा टेपच पाहिली. आपली पिवळी टेप आहे ती, पहिल्या अर्ध्या मीटरचे आकडे पुसलेली. दुसरी मिळाली नाही का गं तिथे? हे विचारणं पोरकट आहे, कळतंय मला. तरी खोडत नाही. आज काहीही खोडायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

इकडचं सांगायचं तर गुडघा बरा आहे. डॉक्टर म्हणतात जिने चढा, आणि ग्रंथालयाने माझी काळजी म्हणून माझं टेबल तळमजल्यावर आणून ठेवलंय, तेव्हा चढायला जिनाच उरला नाही. आमचे हे परवा म्हणाले, तुझी मैत्रीण दगड मोजते आणि तू दिवस. विनोद बरा होता. मी हसले नाही, मग त्यांनीच थोडं हसून घेतलं.

दिवस मोजत नाही मी, जुन्या वह्या वाचतेय. पहिल्या वहीत ते सात वेशींचं गाव आहे. निम्म्या घरांच्या भिंतींत देवळाचे दगड होते, आणि त्या एका घराच्या उंबऱ्यात आडवी बसवलेली नर्तकी. मालकीणबाई रोज तिला ओलांडून जायच्या, कधी पाय देत नसत, आणि आपल्यालाही दटावलं होतं त्यांनी, 'पाय उचला गं, बाई झोपलीय.' त्याच संध्याकाळी गेस्टहाऊसच्या डुगडुगत्या खाटेवर बसून आपण कडाडून भांडलो. तुझी डावी बाजू ती माझी उजवी निघत होती आणि दिवसभराच्या नोंदींचं भजं झालं होतं. शेवटी तूच तोड काढलीस. डावं-उजवं आपलं धरायचंच नाही, देवाचं धरायचं. तो गाभाऱ्यात बसलाय, तोंड आपल्याकडे, त्याचा उजवा हात तो उजवा. मूर्ती कधीच नाहीशी झाली असली, गाभाऱ्यात नुसती वटवाघळं असली, तरीही. बावीस वर्षं पडक्या देवळांची मापं घेताना तू टेप धरलीस, आकडे ओरडलीस आणि मी लिहिलं. माझ्या हाडात इतकं मुरलं हे की ह्यांनी उजव्या खणातला चष्मा मागितला की मी अजून डावा खण उघडते.

आणि मग ती नकाशेवाली आली. मागच्या हिवाळ्यात, लाल टोपी घालून. मला प्रामाणिकपणे लिहायचंय, म्हणून आधी हे लिहिते की ती वाईट नाही. पहिल्याच दिवशी तिने माझी पिशवी उचलली, मला ताई म्हणाली. मला त्याचाही राग आला, कारण तुला ती नावाने हाक मारत होती. जेवण झाल्यावर त्या फोटोतल्याच देवळाच्या विहिरीकडच्या ढिगाचे दगड मोजायला घेतले तेव्हा टेपचं दुसरं टोक तू तिच्या हातात दिलंस. माझ्या हातात वही होती, मी टेप धरणार कशी, बरोबरच होतं तुझं. पण बावीस वर्षं तू दुसरं टोक दगडाखाली दाबून ठेवत होतीस, कुणाला देत नव्हतीस. तुम्ही दोघी कशाला तरी हसत होता. मी विचारलं, काय झालं, तर तू म्हणालीस, 'काही नाही गं, असंच.' रात्रीच्या जेवणाला मला सांगितलंस, तिचं डोकं भलतंच चालतं. माझ्याबद्दल तू सगळ्यांना सांगतेस, हिची वही चोख असते. डोकं तिचं, वही माझी. ही वाटणी मी वर्षभर मनात घोळवतेय आणि दर वेळी माझाच वाटा कमी भरतो.

एकोणीस दिवसांपूर्वी तिचा मला फोन आला होता. तुला सांगितलं की नाही तिने, ठाऊक नाही. फार अदबीने बोलली. ढीग तर उचलून शेडमध्ये रचलेत, आता कोणता दगड कुठे पडला होता हे फक्त तुमच्या वहीत आहे, म्हणून विचारते, म्हणाली. पायाच्या गजथरात विहिरीच्या बाजूला अकरा हत्तींच्या जागा रिकाम्या राहतात आणि पलीकडे अकरा हत्ती जास्त होतात, तर नोंदीत काही इकडचं तिकडे झालं असेल का, ताई? मी म्हटलं, माझ्या नोंदी चुकत नाहीत. ती लगेच म्हणाली, 'नाही नाही, तुमची वही म्हणजे वहीच, मीच नकाशा बदलते.' आणि तिने पलीकडे हत्तींची दुसरी रांग काढली, जी तिथे कधी नव्हती.

फोन ठेवल्यावर मी नोंदवही काढली. त्या दुपारचे दगड सात ते सतरा. पुढे माझ्या अक्षरात, 'उजवा'. मग माझी रोजनिशी काढली, जिच्यात मी दगड नाही, मनातलं लिहिते. त्याच तारखेला लिहिलंय, 'लाल टोपीवाली विहिरीकडे सातव्या दगडावर ऐसपैस बसली आणि हिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं.' देवळासमोर उभं राहिलं की विहीर आपल्या उजवीकडे येते. म्हणजे देवाच्या डावीकडे. तुमच्याकडे बघत, तुमच्या हसण्याकडे कान लावून, मी बावीस वर्षांत पहिल्यांदा माझं उजवं लिहिलं. अकरा वेळा.

हे मला एकोणीस दिवस माहीत आहे. पहिल्या दिवशी वाटलं, सकाळी कळवू. दुसऱ्या दिवशी वाटलं, नकाशा तिचा आहे, नाव तिचं आहे, चूक निघेल तेव्हा निघेल. हे वाटलं हे लिहायला मला आज दोन तास लागले. एकदा तुला फोन लावला होता, तिने उचलला. 'ती वर मचाणावर आहे, काही निरोप?' मी म्हटलं, काही नाही, असंच.

काल तुझ्या फोटोबरोबर तुझ्या चार ओळी आल्या की सोमवारपासून गजथर चुन्यात बसवायला घेणार. एकदा चुना धरला की हलवणं नाही. त्या हत्तींच्या सोंडा झिजल्यात, शेपट्या गेल्यात, कुठल्याही बाजूला लावले तरी कुणाला कळणार नाही. ते दाराकडे चालत होते, आता देवाकडे पाठ करून बाहेर चालू लागतील. म्हणून हे पत्र. सात ते सतरा, सगळे विहिरीकडे. नकाशा तिचा पहिलाच बरोबर होता, असं पुरातत्त्व खात्याला लेखी कळवतेय, माझ्या सहीने. रोजनिशीचं ते पान सोबत फाडून दिलंय. तुला माहीत आहे, मी वहीचं पान कधी फाडत नाही. आणि फोन पुन्हा केला असता तर मी पुन्हा 'असंच' म्हणून ठेवला असता, म्हणून तुझा भाऊ उद्या तिकडे निघतोय त्याच्या हाती हे पाठवतेय. आधी त्याला बजावलं होतं की फक्त तुझ्याच हातात द्यायचं. आता सांगितलंय, तू वर मचाणावर असलीस तर त्याने थांबायचं नाही, खाली ती भेटेल, तिच्या हातात द्यायचं. उघडून वाच म्हणावं. लाल टोपीचंही वाचेल. वाचू दे.

तुझीच,
वहीवाली