गालातला काळा डाग

३ जून
डॉक्टर म्हणाले, घशात गाठ आहे, घशाला विश्रांती. बोलायचं नाही. मला! बासिलियाला! इथे डोंगरावर एल आल्तोचा अख्खा बाजार हसेल. नात वारा म्हणाली, "आजी, मग वहीशी बोल." म्हणून ही वही. शाळा तिसरीपर्यंतच, तेव्हा वहीबाई, चुका पोटात घाल.

४ जून
चुन्यो विकायला बसले. यंदा जूनचा हिवाळा असा कडक, की चुन्योचे बटाटे गोठून कसे खडखडीत वाळलेत! पण ओरडून सांगायची सोय नाही. समोरची निकोलासा, माझ्या लेकीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे, संधी सोडते होय? "कोमाद्रे, तुझं तोंड बंद झालं नि बाजारात कोंबड्यांचा आवाज ऐकू यायला लागला!" उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. गाठीपेक्षा तेच जास्त दुखलं.

९ जून
तारेवरच्या पाळण्याने खाली ला पाझ शहरात, इस्पितळात. डॉक्टर सौसेदो सांताक्रूझचे, सखल मुलखातले — इथल्या विरळ हवेत दोन पायऱ्या चढले की धाप! पण समजावतात छान. गाठीत जिथे प्राणवायू पोचतो तिथे ती किरणांनी मरते. जिथे पोचत नाही, ती जागा किरणांना दाद देत नाही. ती केवढी, ते मशीनच्या फोटोत बघायचं. लहान असली तर तिथेच जास्त किरण. सगळी गाठच तशी निघाली तर स्वरयंत्र काढायचं.
म्हणजे आवाज गेला. कायमचा.
वाराने माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हटलं, कमी हवेत जगणारं चिवट असणारच! गाठसुद्धा आम्हा डोंगरवाल्यांतलीच निघाली.

११ जून
फोटो! आधी साधी हवा, मग मास्क लावून नुसता प्राणवायू. अहाहा! उठून नाचावंसं वाटलं. सखल मुलखातले लोक हे रोज फुकट खातात! प्राणवायू पोचतो ती जागा उजळते, नाही ती काळी राहते.
बाहेर आले तर डॉक्टर फोटोत डोकं खुपसून, वारा रडवेली. घशाच्या गाठीत काळा ठिपका — मक्याच्या दाण्याएवढा. पण डाव्या गालात दुसरा! लिंबाएवढा! डॉक्टर पुटपुटले, "इथेही पसरलंय की काय..."
मी हात हलवतेय, कोणी बघेना. बोलायची तर बंदी! शेवटी तोंडात बोट घातलं, नि कोकाच्या पानांचा चघळलेला गोळा काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.
"आजी! सकाळपासून गालात?"
अगं, पानं गालात नाहीत असा दिवस मला आठवत नाही! मशीनमध्ये जाण्याआधी कानातलं विचारलं, केसातला चिमटा विचारला. पानांचं कोणी विचारलंच नाही!
डॉक्टर इतके हसले की धाप लागली. मीच मास्ककडे बोट दाखवलं.

१२ जून
परत फोटो. गाल रिकामा. ठिपका एकच! कापाकापी नाही!

२० जुलै
किरण चालू. घसा भाजून निघालाय. निकोलासा रोज किनवाची पेज आणते. "गीळ गं, मुके!" आता तर कुजबुजही फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, आवाज येईल. कधी, ते सांगत नाहीत.

४ ऑक्टोबर
निकोलासाने पुन्हा कोंबड्यांचं काढलं. मी म्हटलं, "त्यातली सगळ्यात जाडी कोंबडी तूच!" म्हटलं — तोंडाने! खरखरीत, पण गल्लीभर ऐकू गेलं. ती बया शालीत तोंड खुपसून रडली.
वहीबाई, तुझं काम संपलं. बाकीचं ओरडून सांगते.