रसम, एरंडेल आणि भवानी

१२ मे १९५८, सकाळी ६
पहाटेपासून पाच वेळा संडास. कारण उघड आहे: घरमालकीण अन्नपूर्णाबाईंचं रसम. काल इथल्या जॉर्ज टाउन पेठेत बर्फ घातलेला उसाचा रस प्यायलो, पण तीनच ग्लास. शिवाय ऊस माझ्यासमोर पिळला.
रविवारी भवानीला बघायला जायचं आहे. तंजावरकडची मराठी मंडळी, मुलगी शाळेत शिकवते. फोटो पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाही. सहा दिवस हातात आहेत. चिंता नसावी.

१३ मे
आठ. पैकी चार ऑफिसात. एरंडेल घेतलं, दोन चमचे. आमच्या साताऱ्याकडे कुठल्याही पोटाला हेच. आतला मळ गेला की आपोआप थांबतं.

१४ मे
तेरा. म्हणजे मळ फारच होता. डोस डबल. पाणीही बंद, आत गेलंच नाही तर बाहेर काय येणार?
अन्नपूर्णाबाई मीठ घातलेली कांजी, म्हणजे आपली तांदळाची पेज, घेऊन आल्या. परत पाठवली. आधी रसम पाजायचं आणि मग औषध!

१६ मे
मोजणं सोडलं. उभं राहिलं की घेरी. डॉ. कृष्णस्वामींकडे गेलो. काय खाल्लं विचारलं. रसम सांगितलं. उसाचा रस नाही सांगितला, उगीच विषयांतर. एरंडेल आणि रविवारचा बेत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बाटली फेका, उकळलेलं पाणी भरपूर प्या, कांजी आणि ताक घ्या, रविवारी कुठंही जाऊ नका.
डॉक्टर तरुण आहेत. अनुभव कमी.

१८ मे, रविवार, सकाळी ८
आज फक्त दोनदा! जिंकलो. खबरदारी म्हणून एक चमचा एरंडेल.

संध्याकाळी ७
मैलापूरचं त्यांचं घर बोळासारखं लांब. संडास पार मागे, वाट स्वयंपाकघरातून. तिथं भवानीची आत्या सोवळ्यात स्वयंपाक करत होती. मी गेलो. आत्याबाईंनी आंघोळ करून पुन्हा चूल पेटवली. मी पुन्हा गेलो. एकूण तीन आंघोळी.
मधल्या वेळात भवानीने विचारलं, यावर काय घेता? एरंडेलाबद्दल सविस्तर सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही तिने विचारून घेतलं. छाप पडली असावी.

२० मे
एरंडेल परवाच संपलं. योगायोगाने पोटही थांबलं.
अन्नपूर्णाबाई भवानीकडचा निरोप घेऊन आल्या. आत्याबाईंना सर्दी झाली आहे, पण त्यांची तक्रार नाही. पोट काय, कुणाचंही बिघडतं, असं आत्याबाईच म्हणाल्या. नकार भवानीचा आहे. ती म्हणाली, हे डॉक्टरांचं ऐकत नाहीत, स्वतःच्या पोटाचं ऐकत नाहीत, माझं कधी ऐकणार?
फार वाईट वाटलं. उलट काय कळवावं, हे शेवटी अन्नपूर्णाबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, काही कळवू नका, गपचूप पडून राहा.
पडून राहिलो.