बारा नंबरची शेवटची टाकी

मी, सोपान धोंडीबा लोहोटे, वय एकसष्ट, धंदा मोटारगाड्यांचे एसी दुरुस्त करणे, मूळ गाव डिंगोरे, सध्या मुक्काम आळेफाटा, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गेल्या वर्षी छातीत जाळी बसवली, पण डोकं शाबूत आहे, तसा मंचरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको म्हणते, तुमच्यावर दबाव टाकणारा अजून जन्माला यायचाय. मरायची मला घाई नाही. पण वस्तू ज्याच्या त्याच्या हातात जावी, एवढी इच्छा आहे.

१. राहतं घर माझ्या पश्चात पत्नी साळुबाई हिचं. त्यातला जुना फ्रीजही तिचाच. तिच्या माहेरची, डिंभ्याची मासळी त्यात पंचवीस वर्षं राहिली, त्यामुळे तो दुसरं कोणी घेणारही नाही. मी तिला कधी चांगलं म्हटलं नाही, ते इथे लिहितो. ती चांगली आहे.

२. फाट्यावरचा गाळा, धंद्याचं नाव आणि गिऱ्हाईक मुलगा गोरख याला. अट एकच. जुनी गाडी नव्या गॅसवर घ्यायची असेल तर आधी सगळ्या नळ्या धुवायच्या, जुनं तेल पार काढायचं, रबरी रिंगा आणि ओल शोषणारा ड्रायर बदलायचा, नवं तेल घालायचं आणि मगच नवा गॅस. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. ही अट का घातली ते कलम सहामध्ये कळेल.

३. गॅसचा दाब मोजायच्या गेजचे दोन संच आहेत. लाल मुठीचा जुन्या गॅसचा, म्हणजे ज्याला आम्ही बारा नंबर म्हणतो त्याचा. निळ्या मुठीचा नव्या एकशे चौतीसचा. दोन्ही गोरखला. एकाचा पाइप दुसऱ्याला लावू नये. बारा नंबर हवेत सोडू नये, मशीनने ओढून टाकीत भरावा. आभाळाला त्याने भोक पडतं, असं पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सांगितलं होतं. मी आभाळात जाऊन पाहिलेलं नाही, पण जायची वेळ येईल तेव्हा पाहीन.

४. एसीच्या जाळीत धरून गारवा मोजायचा लांब थर्मामीटर नात आरोही हिला. ती तो सध्या भातात खुपसून पाहते. खुपसू द्यावा.

५. जानकू मेकॅनिक याने गाड्यांत घरगुती सिलिंडरचा गॅस भरून माझी गिऱ्हाइकं पळवली, आणि एका पाहुण्याच्या मिशा जळाल्या तेव्हा तीच गाडी माझ्या दारात ढकलून दिली. त्याला मी माफ केलं आहे. त्याने माझ्या दहाव्याला यावं, पोटभर जेवावं, पण पंगतीत एसीविषयी एक शब्द बोलू नये.

६. बारा नंबरची शेवटची सीलबंद टाकी आणि तिच्याशेजारी गोणपाटात बांधलेला नवा कॉम्प्रेसर, हे दोन्ही माझे थोरले बंधू हौशीराम यांना. गोरखने त्यांच्या पांढऱ्या कॉन्टेसाच्या नळ्या धुऊन ते बसवून द्यावेत. कारण असं.

मे १९९९ मध्ये हौशीरामच्या वैजयंतीचं लग्न होतं. मुलगी द्यायची होती आणे गावी. मी सगळ्या भावकीत सांगून बसलो होतो, की माझी पुतणी गार हवेत सासरी जाईल. हळदीच्या दिवशी पाहतो तर गाडीतला गॅस गळून गेलेला. बारा नंबर तेव्हा कुठे मिळेना. नळ्या धुवायच्या तर अख्खा दिवस हवा, आणि मांडवातून हाका सुरू. मी जुन्या तेलावरच नवा गॅस भरला. त्या तेलात तो गॅस मिसळत नाही. मग तेल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि तो कोरडा फिरून जाम होतो. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. दहाजणांना शिकवलंही होतं.

आण्याच्या घाटात कॉम्प्रेसर जाम झाला, पट्टा जळाला, बॉनेटमधून धूर आला. नवरी उरलेली वाट रुखवताच्या टेम्पोत, कपाटाला टेकून गेली. गाडी हौशीराम चालवत होता. सगळ्या वऱ्हाडासमोर मी त्याला म्हणालो, "दादा, घाटात गाडी ताणलीस. तुला बैलगाडीच बरी." त्यानंतर आठ वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. एसीही दुरुस्त केला नाही. बाजाराला जाताना माझ्या गाळ्यासमोर मुद्दाम हळू होतो, चारी काचा खाली, कोपर बाहेर.

चूक माझी होती. हे तोंडाने सांगायला मला जमलं नाही, म्हणून कागदावर लिहितो. मला याची लाज वाटते.

७. कर्ज नाही. उरलेलं सगळं साळुबाईला.

पुरवणी. वरचा मजकूर शुक्रवारी लिहून मी साक्षीदार म्हणून शेजारच्या टायरवाल्या दादाभाऊला वाचायला दिला. ही माझी दुसरी चूक. दादाभाऊच्या पोटात तीळ भिजत नाही. शनिवारी सकाळी कॉन्टेसा गाळ्यासमोर थांबली. हौशीराम उतरला, कागद मागितला आणि उभ्याउभ्या वाचला. मग गाळ्यावरच्या बोर्डाकडे बोट केलं. "तेल बदलल्याशिवाय नवा गॅस भरला जाणार नाही" हा बोर्ड मी त्या लग्नानंतर पंधरा दिवसांनी रंगवून घेतला होता.

"सोप्या, ह्यो बोर्ड मी तवाच वाचला व्हता."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुज्या तोंडून ऐकायचं व्हतं. बोर्ड काय, पेंटर बी लिवतो."

मी सांगितलं. तोंडाने, दादाभाऊसमोर. फार वेळ लागला नाही.

मग त्याने विचारलं, दुसरा साक्षीदार कोण? मी म्हणालो, "वकील सांगतात, ज्याला काय मिळायचंय त्यानं साक्षीला राहू नये. पुढं कुणी शंका काढतं."

"मंग मला साक्षीला घे, अन् ते सहावं कलम खोड. तू मेल्यावर मिळणारी गार हवा मला नगं. गाडी भाईर उभी हाय. आत्ता कर."

शनिवारचा दिवस त्यात गेला. नळ्या मी स्वतः धुतल्या, नवा कॉम्प्रेसर बसवला, गोरखला हात लावू दिला नाही. टाकीचं सील हौशीरामने फोडलं. आरोहीने थर्मामीटर धरला. सात डिग्री.

सबब कलम सहा रद्द. टाकी रिकामी झाली आहे. ती कोणालाही द्यावी. बाकी कलमं कायम. आज रविवारी आम्ही तिघं वैजयंतीकडे आलो, घाटात काचा वर करून. तिलाही सांगितलं. ती मला म्हणाली, "आन्ना, टेम्पोत वारं लई छान लागत व्हतं," आणि चहा ठेवायला गेली. तिच्या ओट्यावर बसून सह्या करत आहोत.

ठिकाण: आणे, तालुका जुन्नर
दिनांक: १३ मे २००७

लिहून देणार: सोपान धोंडीबा लोहोटे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. दादाभाऊ, टायरवाले, आळेफाटा (सही). मागच्या सीटवर होतो, थंडी वाजली.
२. हौशीराम धोंडीबा लोहोटे, डिंगोरे (सही). येताना गाडी सोपानने चालवली. घाटात ताणली.