सुंदराआत्याच्या इसाराचं काय झालं

अकोला, बैलबाजाराच्या मागून
१४ डिसेंबर २०१७ (बहुतेक गुरुवार)

तीर्थरूप सुंदराआत्या यांच्या पायांवर अंबादासचं डोकं. इकडे माझी तब्येत ठीक आहे, उलट थोडी जास्तच ठीक आहे, त्याचं कारण पुढे येईल. तुमचा गुडघा काय म्हणते? थंडी तिवस्यात शिरायच्या आधी तुमच्या गुडघ्यात शिरते हे मले माहीत आहे. फोन सोडून पत्र लिहून राहिलो म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याले "पैसे भेटले का?" असं विचारता, आणि माझ्या डोक्यातली सारी गोष्ट पाखरांच्या थव्यासारखी उडून जाते. पत्रात तुम्हाले मधी बोलता येत नाही.

तर ते पंधरा हजार. मी विसरलो नाही. भिशीचा नंबर लागल्यावर तुम्ही ते पिको-फॉलच्या मशीनसाठी ठेवले होते, आणि मी तुमच्या उंबऱ्यावर बसून मागितले. यंदा अळीनं बोंडं आतून पोखरली, वेचायले काही उरलं नाही, म्हणून आपल्याकडच्या बाया नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात जाऊन राहिल्या, आणि तिथल्या मुकादमानं मले सांगितलं की एक तारखेपासून बायांले आणायले-न्यायले गाडी घेऊन ये, काम तुझं. आयुष्यात पहिल्यांदा मले कोणी तारीख दिली, आत्या. त्याच दुपारी फोनवर ती जाहिरात दिसली. शब्दाले शब्द लिहितो: "पांढरी. आठ शिटांची. अंगानं भरलेली, नजरेत पाणी. एका धन्याची. सहा वर्षांची. स्वभावानं शांत, लेकरानं धरली तरी चालते." गाडीबद्दल असं कोणी लिहिते का? मी ती सात वेळा वाचली. डोळे मिटले तर ती हरभऱ्याच्या शेताच्या कडेले उभी दिसे, माझीच वाट पाहून राहिल्यासारखी. मी न पाहताच बँकेतून तुमच्या त्या पंधरा हजारांचा इसार पाठवून दिला.

मग मी अकोल्याले निघालो. (मधी मूर्तिजापूरले उतरलो, कारण एक माणूस सायकलच्या मागे मोठा आरसा बांधून चालला होता आणि त्या आरशात आभाळ चाललं होतं. ते कुठवर जाते हे पाहायचं होतं. न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेलं. तिथं दाढी करून घेतली, म्हणून एक दिवस उशीर.) गाडीचे मालक कुर्बानचाचा. चाळीस वर्षं बैलांची दलाली केली. आता बाजारात बैल विकणारे शंभर आणि घेणारा एक नाही, म्हणून त्यांचा पोरगा शाकीब फोनवरून जुन्या गाड्या विकून राहिला. चाचा खाटेवर बसून सांगतात आणि शाकीब टाइप करते. आता तुम्हाले जाहिरातीतलं पाणी आणि स्वभाव कुठून आले ते समजलं असेल.

गाडी पांढरी होती, आठ शिटांची होती. कागद पाहिले तर बारा वर्षांची. मी म्हटलं, चाचा, तुम्ही सहा लिहिली. चाचा बिलकूल लाजले नाहीत. म्हणाले, "बेटा, सहा वर्षं ते टिनाच्या टपराखाली उभी होती. बैलाचं वय जुंपल्यापासून मोजतेत. उभ्या उभ्या कोन म्हातारं होते?" आत्या, हे मले इतकं बरोबर वाटलं की मी तासभर आपलंच वय मोजत बसलो. काम धरल्यापासून मोजलं तर मी अजून जन्मलो नाही. मग तुमची मशीन आठवली आणि मी इसार परत मागितला.

चाचांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी बाजाराचा कायदा सांगितला. बैल लाथ मारते, जुवाखाली बसते, पाण्यात उतरत नाही, ही त्याची खोड. विकणाऱ्यानं खोड लपवली आणि घेणाऱ्यानं ती पाच पंचांसमोर दाखवली, तर इसार परत. "आन वय म्हंजे काही खोड नाही बावा," ते म्हणाले, "वय तं मले बी हाय. जुंपून पाय. खोड दाखव, पैसे घेऊन जाय."

पहिल्या दिवशी मी एकटाच बोरगाव मंजूच्या रस्त्यानं निघालो. तीन-चार किलोमीटरवर गाडी हळूच थांबली, रुसलेला बैल बसते तशी. आधी मले आनंद झाला, खोड सापडली म्हणून. पण पाहायले कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंनी कपाशीची उभी पऱ्हाटी, कोवळं ऊन, तारेवर एक नीळकंठ. बंद गाडीत बसलं ना आत्या, की आपण थांबलो असं वाटत नाही, रस्ताच आपल्या खालून सावकाश चालला असं वाटते. शाकीब ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा मी कुठवर पोचलो होतो ते मले सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पंच आले. पाचही जुने दलाल, दोन धोतरातले, तीन लुंगीतले, साऱ्यांचे मिळून दात बावीस. ते आत बसले आणि गाडी जी सुटली ती पातूरपर्यंत. एकदा खोकलीसुद्धा नाही. पंच म्हणाले, जनावर झकास आहे. तिसऱ्या दिवशी मी एकटा: बंद. चौथ्या दिवशी पंच: पळाली. असे अकरा दिवस. मी चाचांच्या ओसरीवर राहून राहिलो, हलीमाचाची दोन वेळा ज्वारीची भाकर आणि भरीत वाढून राहिल्या, शुक्रवारी खिचडा. (तब्येतीचं कारण हेच.) एकदा वाढता वाढता म्हणाल्या, "काहून रे अंबादास, तू खोड पाहाले आला का सासरी आला?" मी मान खाली घालून आणखी एक भाकर घेतली.

शेवटी कोडं त्यांनीच सोडवलं. उंबऱ्यात तांदूळ निवडता निवडता, वर न पाहता म्हणाल्या, "अबे येड्यांनो, ते रिकामी असली का रुसते, भरली का चालते. माह्या घरावानी." मेस्त्रीले बोलावलं. तो खाली शिरून पाहून म्हणाला, आतली वायर सुटली आहे, वर माणसं बसली की दबून टेकते. एक जोडून भागत नाही, सारी वायरिंग कुजली, नवीन टाकायचे पंचवीस हजार.

मग पंच बसले. ही खोड आहे की नाही यावर तीन वेळा चहा झाला. एक म्हणाले, जोडीशिवाय न चालणारा बैल खोडील नसते, मायाळू असते. दुसरे म्हणाले, मायाळू असला तरी सांगा लागते. शेवटी चाचाच उठले. "मले ठाव नव्हतं," म्हणाले, "पन चाळीस वर्षं जनावर पाहून ठाव नसनं, हे बी लपवनंच झालं." आणि पाच जणांसमोर पंधरा हजार माझ्या हातावर ठेवले. पूर्ण. एवढा मोठा माणूस माझ्यापुढे हरताना पाहून मले जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

तर आत्या, इसार परत मिळाला. तुमच्या पैशाले धक्का लागला नाही. साऱ्यांले रामराम सांगा, गुडघ्याले तेल लावत जा.

तुमचाच,
अंबादास

ता. क. शाकीबनं मले म्हटलं, आता नवी जाहिरात तूच लिही, खरीखुरी. मी लिहिली: "पांढरी. बारा वर्षांची, त्यातली सहा उभी. एकट्याले नेत नाही. पाच-सहा जण बसले की कुठंही नेते. ज्याच्यापाशी माणसं आहेत त्यानंच फोन करावा." तासाभरात वाशिमच्या एका बँडवाल्याचा फोन आला. त्याच्यापाशी चौदा माणसं आहेत. मी जाहिरात पुन्हा वाचली. आत्या, सात वेळा वाचली.

आणखी ता. क. इसार पुन्हा दिला. त्याच नोटा. चाचांनी मोजल्या नाहीत, म्हणाले, यांले ओळखतो. बाकीची किंमत महिन्याच्या महिन्याले. कारखान्याचं पहिलं भाडं हाती आलं की आधी तुमची मशीन, मग चाचा, हे मी त्यांच्यासमोरच बोललो आणि पंचांनी मान हलवली.

शेवटचं ता. क. गाडी घेतली, पण मी इथं एकटा आहे. सरकीची पोती ठेवून पाहिली. दुसऱ्या गतिरोधकाले पोती सरकली आणि गाडी थांबली. माणूस कसा, सरकला तरी पुन्हा जागेवर येऊन बसते. म्हणून रविवारी सकाळच्या एसटीनं तुम्ही अकोल्याले या. सोबत आपल्याकडच्या बायांतल्या माणिकबाई, चतुराबाई, इंदूबाई आणि पार्बताबाई (पार्बताबाई बारीक आहेत, त्यांनी जेवून यावं). चाची भाकरी बांधून देणार आहेत. तिवस्यापर्यंत मधी कोणी उतरायचं नाही, चहासुद्धा खिडकीतून घेऊ. आणि तुम्हाले माझा राग आला असेल, तो बसस्टँडवर काढू नका. तसाच भरलेला घेऊन गाडीत बसा. जेवढं वजन होईल तेवढं पाहिजे आहे.