अडतीस जोड दुय्यम

४ जुलै २०१६, सोमवार

कॉम्प्युटरच्या मते आमच्याकडे चामडं हवेत विरतं! एक कातडं आत, सहा जोड हातमोजे बाहेर. उरलेलं? काही उरतच नाही. एकवीस वर्षं या टाउनशिपच्या महिला मंडळात कारखान्याच्या भट्टीवाल्यांचे हातमोजे शिवून घेतेय, रोज कातरणाच्या पोत्यांना ठेचकाळतेय. ती पोती म्हणे नाहीतच.

हे सॉफ्टवेअर अध्यक्ष रत्नप्रभाताईंनी आणलं. का? फुकट आहे म्हणून. "ओपन सोर्स, वंदना! साऱ्या जगानं मिळून केलंय." केलं साऱ्या जगानं, भरायचं मी एकटीनं. ताईंचे यजमान कारखान्यात मोठे साहेब. म्हणून ताई इथे मोठ्या साहेब.

६ जुलै

इंदूरहून दिलीप शिकवायला आला. चाळिशीचा, शांत. "मॅडम, कतरन को बाय-प्रॉडक्ट में डालिए." टाकलं. एका कातड्यामागे सहा जोड आणि चारशे ग्रॅम कातरण. कातरण साठ्यात जमा, त्यातून बोटांच्या टोप्या. बटण दाबलं आणि पोती अस्तित्वात आली! खरं सांगते, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

७ जुलै

आणि रिजेक्ट मोजे? त्यांनाही बाय-प्रॉडक्टच म्हणू, म्हटलं. दिलीपनं मान हलवली. "नहीं मॅडम. कतरन काम की चीज़ है. ख़राब दस्ताना नहीं. उसे स्क्रॅप में भेजिए. वहाँ से लौटना नहीं चाहिए."

आमच्या शारदाबाईंना हे कॉम्प्युटरशिवाय कळतं. तीस वर्षं तपासणीच्या टेबलाशी. खराब टाका दिसला की कात्री घेतात आणि मोज्याचा अंगठाच कापतात. गेला तो गेला.

११ जुलै

ताई भडकल्या. अहवालात स्क्रॅप? भाषणात सांगून बसल्यात ना – आमच्याकडे काहीही वाया जात नाही! आणि 'रिजेक्ट' हा शब्द तर नकोच, भगिनींची मनं दुखावतात. (शिवणखोलीत पंखा नाही, त्यानं दुखावत नाहीत.) अर्धा तास विचार करून नवा शब्द काढला – दुय्यम! 'हातमोजा – दुय्यम'. कातरणाच्या शेजारी, बाय-प्रॉडक्ट म्हणून. "बागकामाला देऊ." आणि अंगठे कापणं बंद. साठा खराब होतो म्हणे.

मी म्हटलं, "ताई, पण…" एवढंच म्हटलं. मग केलं.

शारदाबाई कात्री ड्रॉवरमध्ये ठेवता ठेवता म्हणाल्या, "वंदनाताई, दुय्यम म्हणजे काय हो? हात थोडासाच भाजेल का?"

मी हसले.

२५ जुलै

दुय्यम – अडतीस जोड. बागकामाला एकही गेला नाही. इथल्या बायकांची बाग माळी करतो.

२ ऑगस्ट

कारखान्याला उद्या दोनशे जोड द्यायचे. हाताशी एकशे बासष्ट. ताईंनी माझ्याशेजारी खुर्ची ओढली. "दोन्ही नावं एकत्र करता येतात ना गं?"

येतात. दुय्यम निवडायचं, 'हातमोजा' मध्ये मिसळायचं. कॉम्प्युटरनं विचारलं – नक्की करायचं? अख्ख्या खोलीत तो एकटाच विचारत होता!

"दाब गं."

दाबलं. दोनशे झाले. शारदाबाई रजेवर होत्या, इंद्रपुरीत भाचीकडे बारसं. त्या नाहीत ते बरंच, असं वाटलं. हे इथेच लिहू शकते.

३ ऑगस्ट

माल गेला. वाया – शून्य. ताईंनी पेढे वाटले.

११ ऑगस्ट

भट्टीवर प्रकाश म्हणून एकजण आहेत, त्यांचा डावा तळहात भाजला. हातमोज्याची शिवण उसवली, तापलेल्या धातूचा थेंब आत. शारदाबाई तो मोजा बघून आल्या. "टाका ओळखला मी. हा मी बाजूला काढला होता."



१२ ऑगस्ट

ताईंचा निकाल – कॉम्प्युटरची चूक! पण कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो. खाली, बारीक अक्षरांत: २ ऑगस्ट, अकरा चाळीस, दुय्यम अडतीस जोड 'हातमोजा'त विलीन – वंदना. ताईंचं नाव कुठेच नाही. असणार कसं, त्यांना पासवर्डच नाही!

"पुसून टाक ना," ताई म्हणाल्या. "ओपनच आहे ना ते?"

दिलीपला फोन लावला. "हो जाता है, मॅडम." मग – "मुझसे मत करवाइए."

१४ ऑगस्ट

त्या नोंदीचा कागद छापून घेतला. मंगळवारी कारखान्यात चौकशी. तीनदा फाडायला घेतला. दिवसभर वाक्य जुळवतेय. 'माझ्याकडून झालं.' 'मला करायला लावलं.' शेवटी – 'मी केलं.' दोन शब्द. एकवीस वर्षं.

१६ ऑगस्ट

सांगितलं. ताईंच्या म्हणण्यावरून, पण मी केलं. ताई रडल्या, साहेबांनी त्यांना पाणी दिलं. मग दीड तास एकच – जबाबदार कोण?

प्रकाश भिंतीशी बसले होते, हात गळ्यात बांधलेला. सगळ्यात शेवटी त्यांना विचारलं, कुछ कहना है? म्हणाले, "बाकी सैंतीस जोड़ी किसके हाथ में हैं?"

कुणालाच माहीत नव्हतं. पाच दिवस मी फक्त माझ्या नावाचा विचार करत होते.

दुपारी पाळी बदलताना मी आणि शारदाबाई भट्टीच्या दारात उभ्या राहिलो. एकेकाचा मोजा उलटा करून पाहिला. एकोणतीस जोड सापडले.

आठ अजून कुणाच्या तरी हातांत आहेत.