टाकी क्रमांक चारच्या अहवालांवरील 'फ्यू'च्या शिक्क्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
पाणीपुरवठा विभाग.

विषय: वरीलप्रमाणे.
संदर्भ: माझे तोंडी निवेदन, तीन वेळा (पोच नाही).

महोदय,

१. मी जलपरीक्षण प्रयोगशाळेत कनिष्ठ विश्लेषक आहे. पाण्याचा नमुना काचेच्या बशीत वाढवून जंतूंच्या वसाहती मोजणे हे माझे काम. अहवालावर मात्र आकडा जात नाही, इंग्रजी शिक्का जातो. दहाच्या आत 'फ्यू', म्हणजे जवळजवळ नाहीतच. त्यापुढे 'अ फ्यू', म्हणजे थोड्या आहेत, पुन्हा तपासा. पन्नासच्या वर 'सेव्हरल', म्हणजे पाणी थांबवा.

२. टाकी चारमधून शाळेला पाणी जाते. गेल्या चार आठवड्यांत मी अनुक्रमे ३, १९, ४४ आणि ९६ वसाहती मोजल्या. चारही अहवालांवर 'फ्यू' आहे.

३. शिक्के वरिष्ठ विश्लेषक मारतात. मी विचारले तेव्हा त्यांनी मला बसवून चहा दिला आणि म्हणाले, "बाळा, 'फ्यू'वर कोणी फोन करत नाही. 'अ फ्यू' मारलं की दिवसभर फोन उचलायचे कोणी?"

४. त्यांच्यावर आरोप करण्याचा हेतू नाही. तथापि तिन्ही शिक्के दोन वर्षांपूर्वी एकाच दिवशी आले. परवा ड्रॉवर उघडा दिसला म्हणून मी व्हर्निअर कॅलिपरने त्यांचे रबर मोजले. 'फ्यू' सव्वा मिलिमीटर झिजला आहे. उरलेल्या दोन्हींना शाई लागलेलीच नाही. तेव्हापासून मला इतर टाक्यांचाही संशय येतो. टेबलावरचा पाण्याचा जगही मी तपासायला लावला आहे.

५. हितसंबंध लपवू नये म्हणून नमूद करते की माझी भाची त्याच शाळेत तिसरीत आहे. तिच्या बाईंनी पालकांना 'काही मुले आजारी' असे कळवले. भाचीने वर्गातली रिकामी बाके मोजून नऊ सांगितले. मी नऊ धरते.

६. आजच्या बशीत १३८ आहेत. दोनदा मोजल्या. बशी माझ्याजवळ आहे, अद्याप कोणाला दिलेली नाही. आपण स्वतः येऊन मोजावी आणि यापुढे शब्दाशेजारी आकडा छापण्याचा आदेश द्यावा, ही विनंती. शाळा अकराला भरते. तत्पूर्वी आपली भेट होईलच याची खात्री नसल्याने, अधिकार नसताना मी एक गोष्ट केली आहे. तिची जबाबदारी माझी एकटीची.

आपल्या येण्याची वाट पाहणारी,
(सही)
कनिष्ठ विश्लेषक
सोमवार, सकाळी ८.४०

सोबत:
१. चार अहवालांच्या प्रती
२. माझ्या मोजणीवहीची पाने
३. टाकी चारच्या व्हॉल्व्हची किल्ली (व्हॉल्व्ह बंद आहे)